जुनेर

संस्कृत भाषेंत 'जीर्ण' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक, झिजलेलें किंवा जुनें झालेलें. आणि दुसरा, पचलेलें. 'अजीर्ण' हा त्याचाच भाऊ आमच्या सर्व वाचकांच्या परिचयाचा आहे. सणाच्या दुसऱ्या दिवशीं तर विशेषच. अन्नाच्या बाबतींत आपण पचण्याचा अर्थ घेतों व वस्त्राच्या बाबतींत झिजण्याचा घेतों. परंतु छत्तीस वर्षें मुलांकडून शब्दांचीं रूपें घोकून घेण्यांत घालविल्यानंतर आमची अशी समजूत झाली आहे कीं, भाषा जेव्हां दोन गोष्टींना एकच नांव देते, तेव्हां तें उगीच देत नाहीं. अन्नाप्रमाणें वस्त्रहि पचावें लागतें.

नवा सदरा अंगांत घातला म्हणजे पहिले कांहीं दिवस आपणच त्याच्या तंत्रानें वागतों. बसतांना धूळ पाहून बसावें, जेवतांना आमटीचा थेंब उडूं नये म्हणून पानावर ओणवें व्हावें, आणि गळ्याशीं पट्टी रुतली तरी चारचौघांत मान वळवूं नये, असा त्याचा शिरस्ता असतो. पुढें वर्ष-सहा महिने जातात, पन्नास-पाऊणशें वेळां तो धुऊन निघतो, आणि मग हळूहळू आपला ताठा सोडतो. खांद्याशीं, कोंपराशीं, पाठीशीं तो आपल्या शरीराची ठेवण शिकून घेतो. त्या दिवसापासून आपण सदऱ्याला सांभाळावयाचें थांबतों व सदरा आपणांस सांभाळूं लागतो. वस्त्र पचणें म्हणतात तें हेंच.

यांत गूढ असें कांहीं नाहीं. आमच्या शिरोळहून इचलकरंजी जवळच आहे. तेथें १९०४ सालीं विठ्ठलराव दातार यांनीं पहिला यंत्रमाग आणिला आणि पुढें तें जहागिरीचें गांव महाराष्ट्राचें मँचेस्टर म्हणून नांवारूपास आलें. तेथील कोणत्याहि विणकराला विचारावें. तो सांगेल कीं, विणतांना ताण्याचें सूत घासून तुटूं नये म्हणून त्यास आधीं खळ द्यावी लागते. हल्लीं त्या कामास तेथें सर्वजण 'सायझिंग' म्हणतात. कोऱ्या कापडाचा कडकपणा बराचसा या खळीचा असतो. धुण्यांत ती निघून जाते, सुताचा पीळ सैल पडतो, बारीक तंतू झडतात, वीण विरळ होते आणि कापड मऊ पडतें. म्हणजे वस्त्राचा मऊपणा ही त्याची झीजच होय. ज्या झिजेनें तें आपलें झालें, तीच झीज त्याला एक दिवस फाडणार, हेंहि ठरलेलें. आवडत्या सदऱ्याची उत्तम अवस्था आणि त्याचा अंत यांमध्यें फार थोडें अंतर असतें. त्याच्याविषयीं माया अधिक वाटते ती त्यामुळेंच.

येथें कोणी व्युत्पन्न वाचक गीतेकडे बोट दाखवील. दुसऱ्या अध्यायाच्या २२ व्या श्लोकांत भगवंतांनीं देहत्यागाला जुन्या वस्त्राच्या त्यागाचा दृष्टांत दिला आहे; मग जें टाकण्यांत कांहींच विशेष नाहीं असें प्रत्यक्ष भगवंत मानतात, त्यावर एका मास्तरानें एवढा जीव लावावा, हें शोभतें काय? यावर आमचें म्हणणें असें कीं, दृष्टांत नेहमीं एकदेशी असतो. मुखास चंद्राची उपमा दिली म्हणून कोणी गालावर डाग शोधीत नाहीं. आणि दुसरें असें कीं, त्या श्लोकांतहि टाकावयाचें वस्त्र 'जीर्ण' आहे. जें झिजलें, पचलें, ज्याचें काम पुरें झालें, तें सोडावें. जें अंगाला लागलेंच नाहीं तें टाकावें, असें तेथें कोठेंहि सांगितलेलें नाहीं. आज घरोघर होत आहे तें मात्र नेमकें हेंच.

आमच्याच घराचें सांगतों. घरांत कपड्यांचीं तीन कपाटें आहेत आणि तीनहि गुडघा लावून बंद करावीं लागतात. दिवाळीचे, वाढदिवसाचे, लग्नकार्यांतील आहेराचे आणि घरबसल्या फोनवरून मागविलेले असे कपडे एकावर एक चढत जातात. त्यांपैकीं दहांतील दोनांचा अंगाशीं परिचय होतो; बाकीचे परिचयाची वाट पाहतां पाहतां जुने नव्हे, शिळे होतात. याला वस्त्रांचें अजीर्ण म्हणूं नये तर काय म्हणावें? त्यांतहि मौज अशी कीं, आमचा नातू परवां गुडघ्यांवर फाटलेली जीन पँट घालून आला. आम्हीं सहज विचारलें, "कोठें पडलास रे?" तेव्हां तो म्हणाला, "आजोबा, अशीच विकत मिळते." चौकशी करतां कळलें कीं, कारखान्यांत ज्वालामुखीच्या सच्छिद्र दगडांबरोबर घुसळून असें कापड मुद्दाम झिजवितात. दुसऱ्यानें चावून दिलेला घास गिळण्यासारखाच हा प्रकार झाला. झीज विकत मिळते. पण ती झीज जेथें पडून, खेळून, रांगून व्हावयाची तें बालपण त्या किंमतींत येत नाहीं.

आपल्या मराठींत 'जुनेर' म्हणून एक शब्द आहे. नव्या पिढीच्या कानांवर तो आतां क्वचितच पडतो. चिंधी, लक्तर, चिरगूट हे शब्द वस्त्राची योग्यता संपली असें सांगतात. जुनेर तसें सांगत नाहीं. नेसून नेसून मऊ झालेलें, बाहेर मिरविण्यास उतरलेलें, परंतु घरांत हवेंहवेंसें वाटणारें जें लुगडें, तें जुनेर. त्याची एक नोकरी संपली व दुसरी लागली, एवढाच त्याचा अर्थ.

आमच्या आईच्या हातांखालीं ही दुसरी, तिसरी, चौथी नोकरी कशी लागत असे, तें सांगण्यासारखें आहे. लग्नामुंजीस म्हणून तिचीं दोन इरकली लुगडीं होतीं व रोजच्या वापरास दोन शहापुरी. रोजचें लुगडें प्रथम विरे तें मध्यें, बसाउठावयाच्या जागीं. तेवढा विरलेला भाग ती काढून टाकी आणि दोहों बाजूंचीं धड टोंकें एकत्र शिवी. याला दंड घालणें म्हणतात. दंड घातलेलें लुगडें नेसून ती वाडीस देवदर्शनाला जात नसे, पण घरांत तें आणखी वर्षभर चाले. त्यानंतर त्याच्या कांठापदराचा मुलीस परकर होई. परकर आंखूड झाला म्हणजे त्यांतून तान्ह्यास झबलें, टोपडें, नाहींतर दुपटें निघे. कारण कोवळ्या कातडीला नवें कापड बोंचतें, आणि घरांतल्या वडीलधाऱ्यांच्या जुन्या वस्त्रांत बाळाला गुंडाळलें म्हणजे त्यांचें आयुष्य त्यास लागतें, अशी भावना होती. उरलेलें वाकळेंत जाई. वाकळेंतून उरलें तें चुलीशीं मसोतें होई. आणि शेवटीं पोतेरें होऊन तें सारवणाच्या शेणामातीशीं एकरूप होई. फेकून दिलें असें कापड आमच्या लहानपणीं घरांत पाहिल्याचें आम्हांस आठवत नाहीं.

हें शहाणपण केवळ आमच्या घरचें नव्हे, किंवा कालचेंहि नव्हे. बौद्धांच्या विनयपिटकांत, चुल्लवग्गांत, एक कथा आहे. कौशांबीच्या उदयन राजाच्या स्त्रियांनीं आनंद भिक्षूला पांचशें वस्त्रें दान दिलीं. राजाला राग आला. एवढीं वस्त्रें घेऊन हा संन्यासी कापडाचें दुकान मांडणार कीं काय, असें त्यास वाटलें. त्यानें आनंदास जाऊन विचारलें. ज्या भिक्षूंचीं चीवरें विरलीं आहेत त्यांना तीं वाटूं, असें आनंदानें सांगितलें. मग विरलेल्या चीवरांचें काय? त्यांचे पलंगपोस करूं. जुन्या पलंगपोसांचे? गाद्यांचे अभ्रे. अभ्र्यांचें? जमिनीवरचें अंथरूण. त्याचें पायपुसणें, पायपुसण्याचें धूळ झटकण्याचें फडकें. आणि फडक्यांचेहि तुकडे झाले म्हणजे ते मातींत कालवून जमीन लिंपावयाची. राजा इतका प्रसन्न झाला कीं, त्यानें आणखी पांचशें वस्त्रें दिलीं. आनंदानें घरदार सोडलें होतें, पण हें उत्तर एखाद्या मुरलेल्या गृहिणीचें आहे. आम्हीं ही कथा प्रथम वाचली तेव्हां आईचा परकर आणि पोतेरें डोळ्यांपुढें उभें राहिलें.

या साखळींतील सर्वांत दीर्घायुषी कडी म्हणजे वाकळ. पुण्याकडे तिला गोधडी म्हणतात, पलीकडे कर्नाटकांत कौदी आणि बंगाल्यांत कांथा. वर एक लांबरुंद लुगडें, खालीं दुसरें, मध्यें धोतरांचे, सदऱ्यांचे, परकरांचे थर, आणि कडेपासून आंत आंत सरकत जाणारा धावदोरा. दुपारचीं जेवणें उरकलीं, उष्टीं-खरकटीं निघालीं, म्हणजे सोप्यावर वाकळ पसरली जाई आणि शेजारच्या दोघीतिघी आपापल्या सुया घेऊन येत. कोणतें कापड कोणाचें, हें शिवतांनाच बोललें जाई. "हा तात्यांचा सदरा, मुंजींतला." "ही माहेरची चोळी." अंबेजोगाईचे दासोपंत (१५५१–१६१५) यांनीं 'पंचीकरण' हा ग्रंथ एका लांबलचक पासोडीवर लिहिला आणि ती पासोडी तेथें आजहि जतन करून ठेविली आहे. दासोपंतांनीं कापडाचा ग्रंथ केला. आमच्या आयांनीं अक्षर न घालतां तोच उद्योग केला. फरक एवढाच कीं, दासोपंतांचा ग्रंथ कोणीहि साक्षर मनुष्य वाचूं शकतो, आणि वाकळ वाचावयास मात्र घरांतलेंच वडील माणूस हयात असावें लागतें.

जुन्या कपड्यांवरील प्रेम हा बहुधा पुरुषांचा छंद आणि त्यांची निगा राखणें हा बायकांचा व्याप, असा आमच्या घरांतील पक्ष आहे व तो रास्त आहे. आमच्या वडिलांचा काळा अल्पाकाचा कोट आम्ही बरीच वर्षें खुंटीला जपला होता. थंडीच्या दिवसांत पहांटे तो अंगावर घेतला म्हणजे वडिलांच्या तपकिरीचा वास अजून येतो, असें आम्हांस वाटे. एके दिवशीं शाळेंतून परत येऊन पाहतों तों खुंटी मोकळी आणि ओट्यावर एक नवें स्टीलचें पातेलें. जुन्या कपड्यांवर भांडीं देणारी बोहारीण दुपारीं येऊन गेली होती. आज तीस वर्षें त्या पातेल्यांत आमचें दूध तापतें. दूध चांगलें तापतें, ही गोष्ट आम्ही नाकारीत नाहीं. त्या वेळीं आम्हीं कांहीं बोलण्यास आरंभ केला, तेव्हां उत्तर मिळालें तें असें: "अहो, कोट तुमच्या वडिलांचा हें खरें. पण दर वर्षीं त्याला ऊन कोण दाखवतें, कसर कोण झटकतें, डांबराच्या गोळ्या कोण घालतें? आठवण तुमची आणि राबणूक आमची, असें किती दिवस चालायचें?" एकत्र कुटुंबांत वस्तू जपण्याचा प्रश्न निघाला म्हणजे हें उत्तर प्रत्येक कर्त्या पुरुषानें लक्षांत ठेवावें, म्हणून तें येथें जसेंच्या तसें दिलें आहे.

इतका वेळ आम्ही जें सांगितलें तें विनोदानें घेतलें तरी चालेल. परंतु जुन्या वस्त्राचा खरा विचार आम्हांस महापुरानें करावयास लाविला.

कृष्णा-पंचगंगेच्या कांठीं राहणाऱ्या लोकांना पाणी नवें नाहीं. नृसिंहवाडीस कृष्णामाई चढली आणि उत्तरद्वारानें देवळांत शिरून दक्षिणद्वारानें बाहेर पडूं लागली म्हणजे 'दक्षिणद्वार' झालें म्हणून माणसें स्नानाला धांवतात. पण २००५ सालीं आलेलें पाणी निराळें होतें, आणि २०१९ च्या ऑगस्टांतलें त्याहून निराळें. तालुक्यांतील गांवेंच्या गांवें पाण्यांत उभीं राहिलीं. आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशीं जयसिंगपुरास नातलगांकडे गेलों. पाणी ओसरल्यावर परत आलों तों भिंतींवर छातीइतक्या उंचीची चिखलाची रेघ होती.

त्या दिवसांत उभा महाराष्ट्र आमच्या मदतीला धांवून आला. अन्न आलें, औषधें आलीं, झाडू घेऊन अनोळखी तरुण मुलें आलीं. त्यांचें ऋण फिटणारें नाहीं. पण ट्रकांतून कपड्यांचे जे ढीग उतरले, त्यांकडे पाहून मान खालीं गेली. बटणें नसलेले सदरे, विटलेले बनियन, एकाच पायाचे मोजे. आणि त्यांतच लग्नांतले टिकल्या लावलेले घागरे. ज्याला कपाट रिकामें करावयाचें होतें त्यानें तें आमच्या दारांत रिकामें केलें होतें. गरजवंतांनींहि ते ढीग चाळून पाहिले आणि सोडून दिले. पावसांत भिजून ते तेथेंच कुजले, आणि चिखल उपसणाऱ्यांना आणखी एक चिखल उपसावा लागला. शेतमजुरी करणारी एक म्हातारी तेथें बसली होती. ती आम्हांस म्हणाली, "मास्तर, पान्यानं घर न्हेलं, आमची लाज न्हाई न्हेली."

त्याच ढिगांत वर्तमानपत्रांत नीट बांधलेलें एक पुडकें निघालें. आंत लहान मुलाचा हातानें विणलेला स्वेटर होता. जुनाच, पण धुतलेला, कोंपराशीं त्याच रंगाच्या लोकरीनें सांधलेला, आणि नवीं बटणें लावलेला. देणाऱ्याचें नांव-गांव नव्हतें. तो स्वेटर लगेच एका आईनें उचलला. म्हणजे लोकांना जुनें नको होतें असें नव्हे. त्यांना टाकलेलें नको होतें. श्रीकृष्णाच्या बोटाला चिंधी हवी होती तेव्हां द्रौपदीनें अंगावरचें भरजरी वस्त्र फाडलें, ही कथा आपण मुलांना सांगतों. ती चिंधी मोठी ठरली, कारण ती निरुपयोगी म्हणून दिलेली नव्हती.

त्याच आठवड्यांत आमच्या घरीं दुसरी गोष्ट घडली. आईची वाकळ लोखंडी ट्रंकेंत होती आणि ट्रंक पाण्यांत होती. ती उघडली तेव्हां वासानें उभें राहवेना. मुलांनीं गाद्यांबरोबर वाकळहि रस्त्यावरच्या ढिगांत नेऊन टाकिली आणि आम्हींहि अडविलें नाहीं. सारें घरच धुवावयाचें असतां कशाला कशाला अडवावें? आमची धाकटी सून पुण्याची, नोकरी करणारी, आणि घरांत जुनें साठवूं नये या मताची. तीच खालीं गेली व ती ओली, जड वाकळ दोन्ही हातांनीं ओढीत परत घेऊन आली. म्हणाली, "बाबा, ही अशीच धुतली तर आंतून वाळणार नाहीं. उसवूं का?"

तिनें दोन दिवस बसून टाका टाका उसवला. एकेक थर निघूं लागला आणि ती विचारूं लागली, "हें कोणाचें?" वरचें हिरवें इरकली आईचें, तें नेसून ती आमच्या मुंजींत भिक्षावळीला चालली होती. खालीं वडिलांचीं दोन धोतरें. आमच्या शाळेच्या चड्डीचें खाकी कापड. थोरल्या बहिणीच्या परकराचा खण. सासूसासऱ्यांच्या गोष्टी सुना ऐकतात त्या बहुधा भिडेखातर. ही मुलगी मात्र खरोखरच विचारीत होती, कारण हातांतलें कापड काय आहे हें तिला कळावयास हवें होतें. अगदीं मधल्या थरांत, दोन धोतरांच्या मध्यें, गुलाबी मलमलीचें एक लहानसें झबलें निघालें. तें कापलेलें नव्हतें. अख्खेंच पसरून त्यावर दोरे घातलेले होते. तें कोणाचें हें आम्हांस सांगतां येईना.

मिरजेहून आमची आक्का, म्हणजे तीच थोरली बहीण, समाचारास आली होती. तिनें तें हातांत घेतलें आणि बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग सांगितलें कीं, तिच्या पाठीवर व आमच्या आधीं एक मुलगी झाली होती. अकरा महिन्यांची होऊन तापानें गेली. घरांत तिचें नांव पुन्हां कोणी काढलें नाहीं. आईनेंहि कधीं काढलें नाहीं. पण मागाहून शिवलेल्या वाकळेंत, जेथें कोणाच्या दृष्टीस पडणार नाहीं अशा जागीं, तिनें तें झबलें घातलें, आणि पुढें ती वाकळ वर्षानुवर्षें आम्हां भावंडांच्या अंगावर पांघरली. आम्हांस साठ वर्षें त्या बहिणीची ऊब मिळाली आणि ती होती हें आम्हांस ठाऊक नव्हतें.

सुनेनें सर्व तुकडे धुतले, उन्हांत वाळविले आणि दिवाळींत आक्काला जवळ बसवून वाकळ पुन्हां शिविली. कुजलेला भाग गेल्यानें ती आतां पूर्वीपेक्षां लहान झाली आहे. तिनें स्वतःची एक साडी त्यांत घालून पाहिली. पण ती पॉलिएस्टरची असल्यानें थरांमध्यें सरकूं लागली, म्हणून काढून नातवाचा सुती सदरा घातला. झबलें पुन्हां मधल्या थरांतच ठेविलें.

येथें एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवावीशी वाटते. साधारण हवेंत सुती धागा आपल्या वजनाच्या सुमारें ८ टक्के ओलावा धरून ठेवतो. खनिज तेलापासून होणारें पॉलिएस्टर अर्धा टक्काहि धरीत नाहीं. म्हणून सुती कापड घाम टिपतें, अंगाशीं बसतें, आणि झिजून मऊ होतें. पॉलिएस्टर सहजीं झिजत नाहीं, हा त्याचा गुण. आणि जीर्ण होत नाहीं, हाच त्याचा दोष. त्याचें ना दुपटें होत, ना मसोतें, ना पोतेरें. आपल्या घरांतील साखळी तुटली ती केवळ आपल्या आळसानें नव्हे. कापडच साखळींत बसेनासें झालें आहे. तेव्हां निदान लहान मुलांचे व नित्य वापराचे कपडे घेतांना सुताकडे पाहावें.

घरची साखळी तुटली तरी ती बाहेर जोडण्याचा उद्योग करणारीं माणसें आहेत. दिल्लीस १९९९ सालीं अंशु गुप्ता यांनीं 'गूंज' ही संस्था काढली. शहरांतले वापरलेले कपडे निवडून, दुरुस्त करून ती खेडोपाडीं पोंचविते. तेंहि फुकट वाटून नव्हे, तर गांवकऱ्यांनीं आपल्या गांवाची विहीर किंवा रस्ता करावा व त्या श्रमाचा मोबदला म्हणून कपडे घ्यावे, अशा पद्धतीनें. झिजलेल्या सुती कापडांतून स्त्रियांच्या मासिक धर्मासाठीं घड्याहि ती तयार करविते. गुप्ता यांस २०१५ सालीं मॅगसेसे पारितोषिक मिळालें. तसेंच, १७६१ सालच्या रणानें ज्याचें नांव मराठी माणसाच्या काळजांत रुतलें आहे, त्या पानिपतास परदेशांतून टाकून दिलेल्या लोकरी कपड्यांच्या गांठी येत आल्या आहेत. ते कपडे पिंजून, पुन्हां सूत काढून तेथें ब्लँकेटें विणतात, आणि त्यांतलीं बरींच संकटग्रस्तांना वांटण्याकरितां घेतलीं जातात. टाकलेल्या वस्त्राला कोणी हात लाविला, निवडलें, सांधलें, तर तें दान होतें; नुसतें उचलून पाठविलें तर तो आपल्या घरचा केर होतो.

दसरा-दिवाळी जवळ आली म्हणजे घरोघर कपाटें उपसलीं जातात. त्या दिवशीं घरांतील लहानथोरांनीं एकत्र बसावें, एवढीच आमची सूचना आहे. प्रत्येक माणसाचें एक जुनें वस्त्र, मग तें कितीहि विटलेलें असो, राखून ठेवावें. आणि त्याला ऊन दाखविण्याचें काम ज्याची आठवण त्यानेंच करावें. द्यावयाचें तें धुऊन, सांधून, बटणें लावून, आपल्या मुलाच्या अंगांत पुन्हां घालावयास लाज वाटणार नाहीं अशा स्थितींत द्यावें. आणि जें राखलें तें कोणाचें, हें लहानांना त्याच बैठकींत सांगून टाकावें; कारण सांगणारें माणूस गेलें म्हणजे मागें उरतें तें नुसतें कापड. इतकें झाल्यावर बोहारीण दारांत आली तर खुशाल तिला आंत बोलवावें; मात्र पातेलें हातीं घेण्यापूर्वीं घरांतील वडील माणसांना एकदां विचारून घ्यावें.